गटात ३४० जण, झरीवर ६

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "मावशी, गावातल्या बुजत चाललेल्या झरी साफ करून वाहत्या ठेवायच्या म्हणून आम्ही गट काढला. व्हॉट्सॲपवर ३४० जण आहेत. पहिल्या रविवारी ६० आले, आता ६ येतात. लोक ध्येयासाठी पेटत का नाहीत? नेता म्हणून मी कुठे कमी पडतोय? माझ्यामागे माणसं उभी कशी करायची आणि टिकवायची कशी?"

मावशी म्हटलंस, तेव्हा अरे-तुरेच करते. मी पुढारी नव्हे. पेडणे तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात पंचवीसेक वर्षं घरोघर पिग्मी, म्हणजे बँकेची रोजची बचत, गोळा केली, आणि गेली चौदा वर्षं आमच्या खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध आणि त्यातलं पाण्याचं दार, मानस, राखणाऱ्या गटात आहे. पहिली सहा वर्षं तो गट मी चालवत होते, निदान मला तसं वाटत होतं.

आधी तुझे आकडे बघू. पिग्मीसाठी नवीन वाड्यावर गेले की दहातली आठ घरं "हो, उघडूया की खातं" म्हणायची. तीन घरं खरंच उघडायची. आणि वर्षभर रोज वीस रुपये काढून ठेवणारं घर एखादंच निघायचं. त्या आठांचा मला कधी राग आला नाही. हो म्हणायला पैसे पडत नाहीत. तुझ्या व्हॉट्सॲपवरचे ३४० म्हणजे ते 'हो' म्हणणारे. पहिल्या रविवारचे ६० म्हणजे बघायला आलेले. उरलेले सहा, न बोलावता दर रविवारी येणारे, ही तुझी खरी जमा आहे. सहा घरं रोज पिग्मी देत असतील तर मी तो वाडा चांगला म्हणायचे.

आता आमची फजिती ऐक. चौदा वर्षांपूर्वी पावसात आमचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरून बसलं. एकदा मीठ मुरलं की पुढच्या पावसाने धुऊन नेईपर्यंत जमीन हाती लागत नाही. कोरगुटसारखं खारं सोसणारं भातसुद्धा अशा वेळी मान टाकतं. आम्ही देवळाच्या सभामंडपात सभा घेतली. दोनशे माणूस. आयुष्यातलं पहिलं भाषण मी त्या दिवशी केलं, आणि बऱ्यापैकी केलं असावं, कारण दोन-तीन बायांनी पदर डोळ्यांना लावला. शपथ झाली. कुणीतरी टी-शर्ट छापून आणले, पाठीवर 'खाजन राखूया'. पुढच्या रविवारी बांधावर नऊ जण, त्यातले दोघे चहाची किटली घेऊन आलेले. टी-शर्ट मात्र वर्षभर गावात दिसत होते, क्रिकेटच्या मैदानावर.

मी चिडले. दुसरी सभा लावली आणि पहिल्यापेक्षा जोरात बोलले. सभा संपल्यावर आमच्या भजनी मेळ्यात पखवाज वाजवणारे एक आजोबा मला म्हणाले, "बाय, तू सगळ्यांना बोलावलंस ना, म्हणून कोण आलं नाही. आमच्या सप्ताहाला असं बोलावतात काय?"

त्यांचा मुद्दा मला घरी जाऊन कळला. वास्कोचा दामोदर सप्ताह तुला ठाऊक असेल. साथीच्या दिवसांत जांबावलीच्या दामोदराकडून नारळ आणून तो सुरू झाला असं सांगतात, आणि आज त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. श्रावणात चोवीस तास भजन, मध्ये खंड नाही. आपल्याकडे गावोगाव असेच सप्ताह होतात. रात्री अडीचला तिथे टाळ वाजत असतो तेव्हा सगळ्यांच्याच भक्तीला भरती आलेली असते असं नाही. त्या वेळेला कुणाची तरी पाळी असते. ते माणूस जांभया देत वाजवत असतं. आपण उठलो तर भजन तुटेल, आणि कुणाच्या पाळीत तुटलं हे सकाळी सगळ्या गावाला माहीत असेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भक्ती असतेच, पण पहाटेपर्यंत जागं ठेवते ती पाळी.

तुझ्या गटात ध्येय आहे, पाळी नाही. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुला तुझ्या झरीसाठी बेतता येईल. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्याखाली जाऊ शकणारी, पण बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात मानस असते, लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला आतलं पाणी फळ्या ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरचं पाणी त्याच फळ्या दाबून बंद करतं. माणूस नसताना चालणारी युक्ती, पण फळीत एक ओंडका अडकला की संपलं. आणि बांध मोठ्या लाटेने फुटतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तो कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांपासून फुटायला लागतो. बिळातून पाणी झिरपतं, झिरपत्या पाण्याबरोबर माती जाते, आणि मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खिंडार पडतं. म्हणजे काम सोपं आणि कंटाळवाणं आहे: उधाणाच्या आदल्या दिवशी ओहोटीला बांधावरून एक फेरी, बिळं दिसली तर चिखल आणि पेंढा ठासायचा, मानशीच्या फळ्या मोकळ्या करायच्या. दोन तास.

वर्षात अमावास्या-पौर्णिमा मिळून चोवीस-पंचवीस. आमची शेतं असलेली घरं बासष्ट. साधारण पाच-पाच घरांचे बारा गट केले. एका गटाला वर्षातून दोनच पाळ्या आल्या, म्हणजे एका घराकडून वर्षाचे चार तास. सभेत हा आकडा सांगितला तेव्हा लोक हसले. पण चार तासांना "जमणार नाही" म्हणणं कठीण असतं. ध्येयाला पाठ दाखवता येते, त्याला कुणी हिशेब मागत नाही.

पाच घरं का, एकच का नाही? एकट्याची पाळी एकटाच चुकवतो, कुणाला कळत नाही. वीस घरांची असली तर प्रत्येकाला वाटतं बाकीचे एकोणीस जातील. पाचांत एक जण नसला तर उरलेल्या चौघांना नाव घेऊन माहीत असतं. शेजार-शेजारची पाच घरं मुद्दाम घेतली नाहीत. शेजारी एकमेकांना सांभाळून घेतात. वाडे मिसळले, आणि त्याचा एक फायदा असा झाला की ज्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं त्यांची बांधावर ओळख झाली. यातून एक लग्नही जमलं, पण ते श्रेय मी घेत नाही.

चुकलेल्या पाळीसाठी आम्ही आधी दंड ठेवला, दोनशे रुपये. मोठी चूक. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी वर्षाचे चारशे आगाऊ आणून दिले आणि सुटले. जे गरीब होते ते आले, पण "आम्ही पैसे देऊ शकत नाही म्हणून आलो" असं तोंड करून. सहा महिन्यांत दंड काढून टाकला. त्याऐवजी एवढंच: तुला जमत नसेल तर तुझ्या जागी माणूस तू शोध, मला फोन करू नकोस. यातून माझा फोन वाजायचा बंद झाला आणि लोक एकमेकांना फोन करू लागले. गट तयार झाला तो या दिवशी, असं मी समजते. सभेच्या दिवशी नव्हे.

पाळीनंतर वाटा. किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली असशील. मोठं जाळं होडीतून टाकून वेढा घालतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नासेक माणसं ओढतात. मासळीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. म्हणूनच सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेऊ लागले, तेव्हा रापणकार एक झाले. त्यांना कुणी 'समुद्र वाचवा' शिकवावं लागलं नाही. प्रत्येकाच्या टोपलीत किती कमी आलं हे त्यालाच दिसत होतं. १९८० मध्ये सागरी मासेमारीचा कायदा आला त्यामागे त्या टोपल्या होत्या.

तुझ्या झरीचा वाटा कुणाला मिळतो? हे आधी कागदावर लिही. खालचं कुळागर, माडा-पोफळीची बाग, कुणाचं? वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी कुणाकुणाला लागतं? उन्हाळ्यात नळ आटला की कुठल्या वाड्यावरच्या बाया तिथे येतात? चवथीला गणपती कुठे पोचवतात? ही माणसं तुझ्या ३४० मध्ये आहेत का? माझा अंदाज, अर्धीअधिक नाहीत. ३४० मध्ये तुझे कॉलेजचे मित्र असतील, पणजीत नोकरी करणारे असतील, झाडा-पाण्यावर प्रेम असलेले असतील. चांगली माणसं. पण झर आटली तर त्यांच्या घरची कळशी रिकामी राहत नाही. पहिली पाच-पाच घरं कळशीवाल्यांमधून निवड.

इथे कुणीतरी म्हणेल की आमच्या पूर्वजांची गावकारी, गावाच्या जमिनीचा सामाईक कारभार, अशीच होती. होती, आणि तिचा मलाही अभिमान आहे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये गावकारीचे रिवाज लेखी उतरवून घेतले, म्हणजे रिवाज त्यांच्याही आधीचे. बांध, नाले, देऊळ गावकार मिळून बघायचे, खर्च भागून उरलं त्यातून जोण, म्हणजे आपापला वाटा, वाटून घ्यायचे. पण त्या बैठकीत बसायचे ते गावकार घराण्यातले पुरुष. चिखलात उतरणारं कूळ बाहेर, बाया बाहेर. पुढे १९६४ च्या कूळ कायद्यानंतर शेत कुळाच्या हाती आलं, बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर पडली, पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांना एका कागदाने विचारलं गेल्यासारखं वाटेल कसं? आमच्याकडे बांधाची हेळसांड का झाली याचं अर्धं उत्तर तिथे आहे. तेव्हा जुनी रीत घे, पण बसायची जागा सगळ्यांना दे. आमच्या बैठका पहिली दोन वर्षं संध्याकाळी सातला व्हायच्या. भाकरी थापायची वेळ. बाया येत नाहीत म्हणून पुरुष कुरकुरत, आणि मी बाई असून माझ्याही डोक्यात आलं नाही! दुपारी साडेतीनला ठेवली आणि त्याच महिन्यात स्वयंसहाय्य गटातल्या अकरा जणी आल्या. आज पाळीची वही त्यांच्याकडेच आहे.

आता तुझ्या तालुक्याचं अवघड दुखणं. डिचोलीत झरीचं बोलायचं आणि खाणीचं नाही, हे कसं जमणार? भूजलाच्या पातळीखाली खणलेल्या खाणी, रात्रंदिवस उपसलेलं पाणी, आटलेल्या विहिरी, हे तुमच्याकडच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे. पण २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा कर्जावर घेतलेले ट्रक दारात गंजत उभे राहिले तेही तुमच्याच गावांत. एका घरात झर आटल्याचं दुःख आणि ट्रकचा हप्ता थकल्याचं दुःख एकाच ताटात जेवतात. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष तुझ्या फलकावर 'खाण' हा शब्द नको.

तू म्हणशील हे भित्रेपण झालं. तसं नाही. पाळीवर जाणाऱ्याने काय करायचं ते ऐक: दहा लिटरची बादली झरीखाली धरायची, भरायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजायचं, तारखेसह वहीत लिहायचं. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला पंधरा लिटर. दर पाळीला हे झालं की वर्षभराने तुझ्याकडे पाण्याची एक वही असेल, आणि ती ट्रकवाल्याच्या पोराने, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, सुनेने, अंगणवाडीच्या बाईने आपल्या हाताने लिहिलेली असेल. मग पाणी कशाने कमी होतं हा प्रश्न तो ट्रकवालाच बैठकीत काढेल. तुझ्या तोंडून निघाला तर तो आरोप, त्याच्या तोंडून निघाला तर प्रश्न. वहीची एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता समितीला दे, ग्रामसभेत वाच. भाषणापेक्षा वही खोडायला कठीण असते.

आणि एकत्र यायचं ते तेवढ्या एका कामापुरतं. १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फूल, वेगळा ठेवायचा तर दोन पानं अशी चिन्हं होती. आमच्या बांधावर फुलावर शिक्का मारलेले एक आजोबा आणि दोन पानांवर मारलेले दुसरे, दोघेही यायचे. त्या कौलात फरक ३४,०२१ मतांचा होता, या दोघांतला मात्र पन्नास वर्षांत मिटला नव्हता. पहिल्या वर्षी चहाच्या वेळी कोकणी-मराठीचा भाषावाद निघाला आणि दोन माणसं घरी निघून गेली. तेव्हा ठरलं: बांधावर बांधाचंच बोलायचं. आमची वही मराठीत, बोलणं पेडण्याच्या बोलीत, आणि पलीकडच्या वाड्यावरचे ख्रिस्ती शेतकरी निरोप पाठवतात रोमी, म्हणजे रोमन, लिपीत. कुणी कुणाला सुधारत नाही. ज्याला आपलं सगळं मत पटलेलीच माणसं हवी असतात त्याच्याकडे शेवटी फार थोडी माणसं उरतात, आणि तीही त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

पैशाचं सांगते, कारण गट फुटतात ते इथे. आमचा नाही फुटला, पण फुटायच्या बेतात होता आणि दोष माझा होता. पाण्याचा पंप घ्यायचा होता. गटाचं खातं नव्हतं म्हणून मी माझ्या नावावर घेतला, वर्गणीत माझे चार हजार घातले, बिल घरच्या डब्यात ठेवलं. सगळं सरळ. वर्षभराने कानावर आलं की पंप पिग्मीवालीने आपल्या कुळागरासाठी घेतला. माझं कुळागर नाही, मागे चार माड आहेत! रडले. बिल दाखवायला घरोघर फिरले. ज्या घरांनी पंचवीस वर्षं माझ्या हातात पैसे दिले त्यांना पंपाचं बिल दाखवताना कसं वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की संशय घेणारा चुकला नव्हता. पिग्मीचं पासबुक मी रोज त्याच्या हातात देत होते, गटाचं कधीच दिलं नाही. तेव्हापासून तिठ्यावरच्या दुकानाच्या भिंतीला एक काळा फळा आहे. महिन्याची जमा, खर्च, शिल्लक, खडूने. पंचवीस रुपयांचे खिळेसुद्धा. आणि फळा कोण लिहितो माहीत आहे? तोच, ज्याने पंपाची अफवा उठवली होती. प्रत्येक बैठकीत शंका काढणारं एक माणूस तुझ्याही गटात असेल. त्याला गप्प करू नकोस, हिशेब त्याच्या हातात दे. शंकेखोर माणसाइतका चोख खजिनदार मी पाहिला नाही. स्तुती करणाऱ्याला खजिनदार केलंस तर पस्तावशील.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसं पुरतात, कागद होतात, पण कागद झाले की अध्यक्ष कोण यावर पहिलं भांडण होतं. कुणाकडून देणगी किंवा अनुदान खरंच यायला लागलं, संस्थेच्या नावाने बँकेत खातं लागलं, की कर. आम्ही पाचव्या वर्षी केली.

निवडणुका जवळ आल्या की एखादा उमेदवार येईल. आमच्याकडे आला तेव्हा दुसरा पंप देतो म्हणाला, फक्त उद्घाटनाला फलक लावायचा. आम्ही म्हटलं, पंचायतीला द्या, आम्ही पंचायतीकडून वापरायला मागू. आला नाही पंप. बरं झालं. अपमान न करता दार लावायची ही वाट लक्षात ठेव, कारण उद्या तो निवडून येऊ शकतो आणि तुला त्याच्याकडे जावं लागू शकतं. घर विकत घेऊन राहायला आलेले दिल्ली-मुंबईचे लोकही येतील. ते उत्साही असतात, इंग्रजीत अर्ज उत्तम लिहितात, आणि पहिल्याच बैठकीत बोधचिन्ह आणि ड्रोनची भाषा काढतात. त्यांनाही इतरांसारखीच पाळी दे. जो दुसऱ्या पाळीला चिखलात उतरतो तो आपला.

तुझ्या पत्रात शेवटी मोलेचं अभयारण्य रेल्वे आणि इतर प्रकल्पांपासून वाचवायच्या चळवळीचा उल्लेख आहे, "तसं पेटायला हवं" असं. ती चळवळ मीही डोळे भरून पाहिली. २०२० च्या १ नोव्हेंबरच्या रात्री चांदोरला रेल्वे फाटकावर हजारो माणसं जमली होती. कुणी चित्रं काढत होतं, कुणी कायद्याचे कागद सोपे करून सांगत होतं, शास्त्रज्ञ पत्रं लिहीत होते, आणि एक नेता दाखव म्हटलं तर दाखवता आला नसता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्याआधी २०११ पर्यंतच्या जमीन-वापराचा प्रादेशिक आराखडा असाच लोकांनी मागे घ्यायला लावला होता, २००७ च्या सुरुवातीला. पण नीट बघ. त्या लढ्यांना समोर कुणीतरी होतं, एक तारीख होती, एक निकाल होता. माणूस रागाने घराबाहेर पडतं आणि निकाल लागला की घरी जातं, जायलाच हवं. तुझ्या झरीला निकाल नाही. पुढच्या वर्षीही पाला पडणार, पुढच्या वर्षीही गाळ साचणार. रागावर चालणारी माणसं तू पंधरा वर्षं रागावलेली कशी ठेवणार? त्यासाठी दर महिन्याला नवा शत्रू शोधावा लागतो. तसं करणारे गट मी बघितले आहेत, पुढे पुढे त्यांना शत्रू गटातच सापडायला लागतात.

आता नेतृत्वाचं. सहाव्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले, तीन महिने. जाताना वहीत पानंच्या पानं सूचना लिहून ठेवल्या. मध्ये पौर्णिमेला रात्री झोप यायची नाही, मानशीच्या फळ्या डोळ्यांसमोर. परत आले तर बांध नीट, फळा लिहिलेला, आणि फेरीची वाट त्यांनी बदलली होती. मी सांगितलेल्या वाटेने लांब पडायचं, त्यांनी माडाच्या बाजूने नवी काढली, वीस मिनिटं वाचतात. माझी सूचनांची वही कुणी उघडलीही नव्हती.

तुला खरं सांगते, मला आनंद झाला नाही. चार दिवस मी फुगून होते. आपल्यावाचून अडलं नाही याचं दुःख फार वाईट असतं, कुणाला सांगताही येत नाही. पाचव्या दिवशी माझ्या गटाची पाळी होती. गेले, बिळं बुजवली, नव्या वाटेने आले. ती वाट खरंच चांगली आहे.

तेव्हापासून मी एक पाळीदार आहे. दर दोन वर्षांनी वही दुसऱ्याच्या हाती जाते, आणि वही ज्याच्याकडे तो त्या काळापुरता बोलणार. ग्रामसभेत तोच उभा राहतो, वर्तमानपत्रवाल्याला तोच भेटतो. दोघांनी घोळ घातले, एकाने वही पावसात भिजवली. चालतं. "माझ्यामागे माणसं" हे तू लिहिलंस तिथे मी थोडी थांबले होते. बांधावर एका ओळीतच चालावं लागतं, पण पुढे कोण हे रोज बदलतं, कारण पुढच्याला साप आधी दिसतो.

या आठवड्यात एवढंच कर. ३४० जणांच्या गटावर आवाहन टाकणं बंद कर. तिथे फक्त फोटो आणि बादलीचे सेकंद जाऊ देत. तुझे सहा जण घेऊन बस आणि सगळ्या झरींतली एक निवड, कळशीवाल्यांच्या जवळची. सहा जणांनी प्रत्येकी चार घरांत जायचं. फोन नको, दारात जायचं, आणि ध्येय सांगायचं नाही. विचारायचं, "वर्षातले दोन दिवस, दोन-दोन तास, कुठली तारीख सोयीची?" चवथ, गावची जत्रा, शिगमा आणि लावणीचे दिवस आधीच खोडून ठेव, त्या तारखा कुणाला दाखवूही नकोस. चोवीसपैकी पंधरा घरं हो म्हणतील, त्यांच्या पाच-पाचच्या तीन पाळ्या लाव. पंधरातली सहा गळतील, तेव्हा भाषण करू नकोस, उरलेल्यांना विचार की जागा भरायला कुणाला घ्यायचं.

पहिल्या पाळीला तू जाऊ नकोस. अवघड जाईल, पण नको जाऊस. घमेलं, कुदळ, बादली आणि वही आदल्या रात्री झरीच्या जवळच्या घरात ठेवून ये, आणि किल्ली त्या घरच्या बाईकडे दे.